अकरा लॅब आणि बोर्डिंगचं बिल : नाशिकमधल्या एका रेस्क्यू संस्थेचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. संस्थेचं नाव, माणसांची ओळख आणि माग लागू शकेल असे तपशील गाळले आहेत, रकमा ढोबळ केल्या आहेत. मी छोट्या धर्मादाय संस्थांच्या हिशेबाचं काम करतो. ही वर्षभराची घडामोड मला वह्यांमधून आणि समितीच्या बैठकांना बसून दिसली. कुत्र्यांचा मला फारसा अनुभव नाही, त्यामुळे या लेखात कुत्र्यांपेक्षा पैसा जास्त आहे. रेस्क्यूबद्दल (सोडून दिलेल्या प्राण्यांना वाचवण्याबद्दल) लिहिताना त्याच बाजूकडे सहसा दुर्लक्ष होतं.

पार्श्वभूमी

गंगापूर रोडच्या बाजूला सकाळी कुत्री फिरवणाऱ्या पाच-सहा घरांची ओळख झाली, व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, आणि कुणी सोडून दिलेला लॅब (लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा) दिसला की त्याला घर शोधायचं काम आपोआप गळ्यात पडलं. पुढे लोक पैसे देऊ लागले आणि ते एकाच्या खाजगी खात्यात जमू लागले, तेव्हा खजिनदार काकांनी हट्टानं नोंदणी करून घेतली. सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याखाली, न्यास म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. मग आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही तात्पुरती प्रमाणपत्रं. काका बँकेतून निवृत्त झालेले. संस्थेत त्यांना सगळे घाबरतात आणि त्यांच्यामुळेच संस्था टिकली आहे.

ही संस्था फक्त लॅब्रॅडॉर घेते. "रस्त्यावरची कुत्री मरतायत आणि तुम्हाला जातवान कुत्र्यांचा पुळका" हे तिला कायम ऐकावं लागतं. त्यावर अध्यक्षा ताईंचं म्हणणं मला पटतं. गावठी कुत्रं गल्लीतच जन्मतं आणि गल्लीचे नियम शिकत मोठं होतं. त्यांच्या निर्बीजीकरणासाठी २०२३ चे नियम आहेत आणि महापालिकेवर त्याची जबाबदारी आहे. सोफ्यावर वाढलेला लॅब पाथर्डी फाट्यावर गाडीतून उतरवून दिला, तर त्याला अन्न शोधता येत नाही आणि भांडण टाळताही येत नाही. शिवाय तो कुणाच्याच यादीत नसतो.

संस्थेकडे स्वतःचा शेल्टर नाही. काही कुत्री फॉस्टर घरांत राहतात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी सांभाळतं. ज्यांना फॉस्टर मिळत नाही ती मखमलाबादच्या पुढे एका बोर्डिंगमध्ये, म्हणजे भाडं घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या जागी. बोर्डिंगवाल्याचा नेहमीचा दर दिवसाला साडेतीनशे, संस्थेसाठी अडीचशे. प्रकरण सुरू झालं तेव्हा नऊ कुत्री ताब्यात होती, पाच फॉस्टरकडे आणि चार बोर्डिंगमध्ये. दर महिन्याला ठरावीक रक्कम देणाऱ्यांकडून साधारण ३१,००० रुपये येत. बाकी पैसा प्रसंगाप्रसंगानं : एखाद्या ऑपरेशनसाठी केलेलं आवाहन, दिवाळीतला कॅलेंडरचा स्टॉल, दुकानांत ठेवलेले दानाचे डबे. बँकेत १,८७,००० होते आणि समितीला वाटत होतं की आपलं बरं चाललं आहे.

पेच

फेब्रुवारीच्या शेवटी सिन्नर तालुक्यातल्या एका ब्रीडरचा फोन आला. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो लॅबची पैदास करायचा. पिल्लांना गिऱ्हाईक कमी झालं होतं, वासामुळे शेजारी भांडत होते, आणि त्याला धंदा बंद करायचा होता. अकरा कुत्री : सहा माद्या, दोन नर, चार महिन्यांची तीन पिल्लं.

ताई आणि एक कार्यकर्ता बघायला गेले. माद्यांची अवस्था वाईट होती. एकीच्या शेपटीखाली पू येत होता आणि ती उठत नव्हती. दोघींच्या कोपरांवर सिमेंटवर झोपून झोपून घट्टे पडलेले. गोचीड सगळ्यांच्याच कानांत. नर त्यातल्या त्यात धड होते, पिल्लं तर अगदी टवटवीत, कारण विकायचा माल तोच होता.

मग तो मुद्द्यावर आला. "ताई, पिल्लांचे आठ-आठ हजार द्या, बाकी सगळी फुकट न्या. नाही जमलं तर उन्हाळा लागायच्या आत मी मोकळी सोडून देणार."

समोर असलेले मार्ग

त्या रात्रीची बैठक मध्यरात्रीपर्यंत चालली. पाच मार्ग बोलले गेले, आणि प्रत्येकाचा कुणीतरी वकील होता.

पहिला, पोलिसांत जायचं. तरुण कार्यकर्त्यांना हाच हवा होता, आणि भावना म्हणून तो बरोबर होता. पण १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा उघडून पाहिला की जोर ओसरतो. कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे, गुन्हा नोंदवून कुत्री ताब्यात घेतली की ती मुद्देमाल होतात. २०१७ च्या नियमांनुसार खटला चालू असताना त्यांचा सांभाळ गोशाळा, पांजरपोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे देता येतो आणि खर्च आरोपीकडून घेण्याची तरतूदही आहे. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात संस्थेला अकरा कुत्री मिळणार, त्यांना दत्तक देता येणार नाही, आणि खर्चाचे पैसे मिळतील तेव्हा मिळतील. ब्रीडर विनानोंदणीचा होता, हा मुद्दा मात्र भक्कम होता. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांच्या २०१७ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. याच्याकडे कागद नव्हताच.

दुसरा, पिल्लांचे २४,००० देऊन सगळं एकदम आणायचं. सचिवांचं म्हणणं होतं की पिल्लं आठवड्यात दत्तक जातील आणि आठ मोठ्या जिवांची सुटका होईल, मग चोवीस हजार म्हणजे काय मोठी रक्कम? काका एकच वाक्य बोलले : "व्हाउचरवर काय लिहू, कुत्री खरेदी?"

तिसरा, सगळी फुकट मागायची आणि एकदम आणायची. चौथा, पुण्या-मुंबईच्या संस्थांना वाटून द्यायची. तिथं फोन झाले. पुण्याच्या एका गटानं एक नर घ्यायची तयारी दाखवली, माद्यांचं नाव कुणी काढलं नाही. पाचवा, जागा असेल तेवढीच आणि टप्प्याटप्प्यानं आणायची, आजारी आधी.

पैसे द्यायचे की नाही यावर समिती अक्षरशः दुभंगली. माझं मत काकांच्या बाजूचं आहे. ब्रीडरला पिल्लांचे पैसे दिले की संस्था त्याची शेवटची गिऱ्हाईक होते, आणि पुढच्या ब्रीडरला संस्थेचा भाव कळतो. पण याची किंमत काय होती तेही लिहायला हवं : पंधरवड्याच्या आत तिन्ही पिल्लं विकली गेली. कुठे गेली, कुणाला गेली, माहीत नाही. त्या तिघांतली मादी असेल तर दोन वर्षांनी ती अशाच एखाद्या शेडमध्ये असू शकते. सचिव आजही ही गोष्ट काकांना ऐकवतात.

काय केलं

पाचवा मार्ग ठरला. ब्रीडरला एक रुपयाही द्यायचा नाही, तक्रारही सध्या नाही, आणि त्याच्याकडून प्रत्येक कुत्र्याचं लेखी हस्तांतरण पत्र घ्यायचं : कुत्र्याचं वर्णन, अंदाजे वय, "स्वखुशीनं आणि कोणताही मोबदला न घेता संस्थेच्या ताब्यात देत आहे", सही, आधारची प्रत. हा कागद फार मोलाचा असतो. रेस्क्यूवाल्यांना वाटतं की सोडून दिलेलं कुत्रं म्हणजे आपलंच, पण बरं झालेलं, चकाकणारं कुत्रं पाहून मूळ मालक परत आल्याची उदाहरणं आहेत, आणि कायद्याच्या नजरेत कुत्रं ही मालमत्ता असते.

मार्चमध्ये तीन माद्या आल्या, एप्रिलमध्ये आणखी तीन, मे महिन्यात दोन्ही नर. प्रत्येकाची रक्ततपासणी, जंतांचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, रेबीज आणि सातपदरी लस, तब्येत सुधारल्यावर नसबंदी. या सुरुवातीच्या खर्चाचा आकडा डोक्याला सरासरी ११,००० बसला. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चाळीशीच्या वर जात असल्यामुळे ऑपरेशनच्या तारखा सकाळी सातच्या घ्याव्या लागल्या, आणि सिन्नरहून कुत्री आणायला रात्रीची गाडी.

पू येत असलेली मादी पहिल्याच खेपेत आली. तिचं नाव गौरी ठेवलं. गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न झालेल्या मोठ्या वयाच्या माद्यांत हा आजार दिसतो आणि गर्भाशय काढून टाकणं हाच त्यावरचा खरा उपाय असतो. ब्रीडरच्याच तोंडून, तिची सात-आठ वेतं झाली होती. दवाखान्यात टेबलावरचा तिचा एक फोटो टाकून आवाहन केलं : "गौरीच्या उपचारासाठी मदत करा."

गौरीचा पैसा

चार दिवसांत २,६०,००० रुपये आले. संस्थेच्या इतिहासात एवढी रक्कम कधी आली नव्हती. गौरीचं ऑपरेशन, सलाईन, दवाखान्यातला मुक्काम सगळं धरून खर्च ३४,०००.

माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग हा आहे. शेडमधल्या जखमी कुत्र्याचा फोटो पैसा आणतो. खर्च होतो तो फोटोनंतर : बरं झालेलं, साधंसरळ दिसणारं, सात वर्षांचं कुत्रं बोर्डिंगमध्ये कुणाची तरी वाट बघत बसतं तेव्हा. संस्थेच्या वहीत एका कुत्र्याचा बोर्डिंगमधला एक महिना म्हणजे ७,५०० रुपये भाडं आणि सरासरी १,५०० औषधपाणी, मिळून ९,०००. चार महिने थांबलेलं निरोगी कुत्रं गौरीच्या ऑपरेशनपेक्षा महाग पडतं. त्याच्यासाठी फोटो काढणार कसला?

आता २,२६,००० उरले. सचिव म्हणाले, सोपं आहे, बाकी सातजणांवर खर्च करू, तीही त्याच शेडमधली. काका म्हणाले, लोकांनी गौरीला दिलेत. दोघंही बरोबर होते, पण आवाहनातले शब्द काकांच्या बाजूचे होते. विशिष्ट कारणासाठी मागितलेला पैसा त्याच कारणासाठी वापरायचा, ही विश्वस्ताची जबाबदारी आहे आणि लेखापरीक्षक ती विचारतो.

त्यांनी रक्कम वेगळी ठेवली आणि देणगीदारांना संदेश पाठवला : गौरीचा खर्च असा असा झाला, बिलं जोडली आहेत, उरलेली रक्कम तिच्यासोबतच्या कुत्र्यांवर खर्च करायला तुमची संमती आहे का, नको असेल तर परत देऊ. सहा जणांनी पैसे परत मागितले, मिळून साडेनऊ हजार. बऱ्याच जणांनी नुसता अंगठा पाठवला. काहींनी तर "विचारलंत हेच खूप" म्हणून मासिक देणगी सुरू केली. ज्यांचं उत्तरच आलं नाही त्यांचं काय, यावर मात्र समितीनं ठराव करून पुढे जायचं ठरवलं. मला विचाराल तर तो थोडा सोयीचा ठराव होता.

दुसरी अडचण काकांनाही आधी दिसली नव्हती. या पैशातले साधारण ७०,००० यूपीआयवरून आले होते आणि पडद्यावर नुसतं नाव होतं, पत्ता नाही. धर्मादाय संस्थेला ज्या देणगीदाराचं नाव आणि पत्ता नोंदीत नाही ती देणगी आयकराच्या भाषेत निनावी. अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतलं जे जास्त असेल त्याच्या पुढे गेल्या, की वरच्या रकमेवर ३० टक्के कर. दानाच्या डब्यांतला पैसाही यातच मोजला जातो आणि डब्यांचे ४५,००० होते. म्हणजे मर्यादा ओलांडली जात होती. कराची रक्कम काही हजारांचीच होती, पण कार्यकर्त्यांनी दोन आठवडे एकेका देणगीदाराला गाठून पत्ते आणि पॅन गोळा केले. पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक मिळाल्याशिवाय वर्षाच्या विवरणपत्रात देणगीदाराचं नाव टाकता येत नाही आणि त्याला ८०जी ची सवलतही मिळत नाही.

८०जी बद्दल एक सांगतो, कारण छोट्या संस्था त्यावर फार भिस्त ठेवतात. देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, २,००० च्या वर रोख दिलेल्या देणगीला मिळत नाही, आणि ज्यानं नवी करप्रणाली निवडली आहे त्याला या वजावटीचा काही उपयोगच नाही. नोकरदार मंडळी भराभर नव्या प्रणालीत गेली आहेत. तरीही सगळ्या संस्थांच्या आवाहनात "८०जी उपलब्ध" ही ओळ ठळक अक्षरांत असतेच, नवसाच्या नारळासारखी.

याच सुमारास दोन मोठ्या रकमा दारापर्यंत येऊन परत गेल्या. एका सदस्याची न्यू जर्सीतली सून एक हजार डॉलर पाठवायला तयार होती. ती अमेरिकन नागरिक. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्यानं स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी चालते, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी, परकी देणगी ठरते आणि त्यासाठी २०१० च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. संस्थेकडे ती नव्हती. काकांनी नम्रपणे नाही म्हटलं. सदस्य दुखावले ते दुखावलेच.

दुसरी रक्कम अंबडच्या एका कंपनीची. सीएसआर (कंपनीचा सामाजिक कामाचा खर्च) बघणारे साहेब गौरीची गोष्ट वाचून आले आणि शेल्टर बांधून द्यायची भाषा करू लागले. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्राणी कल्याण आहे, त्यामुळे विषय बसत होता. संस्था बसत नव्हती. सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभव. संस्थेची तीन वर्षं भरली नव्हती. ताईंना फार वाईट वाटलं. मला मात्र हायसं वाटलं. कंपनी भिंती बांधून देते, नामफलक लावते. त्यानंतर दोन कामगारांचे पगार, पाणी, वीज, खाणं दर महिन्याला कोण देणार? ज्या संस्थेला नऊ कुत्र्यांचं बोर्डिंग जड जात होतं तिला तीस कुत्र्यांची जागा म्हणजे तीस कुत्र्यांचं आमंत्रण.

पावसाळा आणि उधारी

जूनमध्ये बोर्डिंगमध्ये नऊ कुत्री होती. भाडं ६७,५००, औषधं वेगळी, येणारा नियमित पैसा ३१,०००. गौरीच्या उरलेल्या पैशानं हा खड्डा भरत राहिला. पाऊस सुरू झाला तसे गोचीड वाढले आणि तीन कुत्र्यांना गोचीडताप झाला. रक्तातल्या प्लेटलेट घसरल्या. चार आठवडे डॉक्सीसायक्लिन, पुन्हा पुन्हा रक्ततपासणी. कोपरावर घट्टे असलेल्या दोघींपैकी मोठी मादी यातून उठली नाही, तिची मूत्रपिंडं आधीच गेलेली होती. ताईंनी तिच्याबद्दल काहीही पोस्ट करू दिलं नाही.

दत्तक घेणाऱ्यांचे फोन भरपूर येत, पण कशासाठी? "पिल्लू आहे का?" "नर हवा, क्रॉसिंगला." "नसबंदी झालीय? मग नको." दिंडोरी रोडकडच्या द्राक्षबागांतून फार्महाऊसच्या राखणीसाठी विचारणा होई. लॅब चोराचंही शेपटी हलवून स्वागत करतो हे सांगून सांगून कार्यकर्ते थकले. संस्थेचा नियम होता की फार्महाऊसला कुत्रं द्यायचं नाही. तो याच काळात थोडा सैल केला : मालक कुटुंबासह तिथं राहत असेल आणि कुत्रं रात्री घरात घेणार असेल तर विचार करायचा. या बदलातून गिरणारेजवळ एक चांगलं घर मिळालं.

दत्तक शुल्कावरून मजेदार वाद झाला. आधी शुल्क नव्हतं. काकांनी ३,५०० रुपये सुचवले, तेही फक्त सहा वर्षांच्या आतल्या कुत्र्यांना. एक ज्येष्ठ सदस्य चिडल्या, "लेकीला सासरी पाठवताना आपण पैसे घेतो का?" त्यावर कुणीतरी म्हणालं, "द्यायची पद्धत होती, तीही वाईटच होती." शुल्क लागलं. त्यातून पैसा फार आला नाही, पण उगाच चौकशी करणाऱ्यांचे फोन निम्म्यावर आले आणि घरभेटीला जाणाऱ्यांचा वेळ वाचला.

गणपती संपेपर्यंत गौरीचे पैसे संपले. दसऱ्याला बोर्डिंगचं दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं, सात कुत्र्यांचे १,०५,०००. बोर्डिंगवाला भला माणूस, पण त्यालाही दिवाळी होती. तो काकांना म्हणाला, "काका, मी कुत्र्यांना बाहेर नाही काढणार. पण मला नवं कुत्रंही पाठवू नका."

इथे समितीनं जे केलं ते मला आवडलं. पुन्हा एखादा दीनवाणा फोटो शोधण्याऐवजी त्यांनी बोर्डिंगचं बिल टाकलं. खाली लिहिलं की ही सातही कुत्री ठणठणीत आहेत, त्यांना औषध नको, फक्त राहायला जागा हवी आणि तिचे हे पैसे आहेत. ६४,००० आले. गौरीच्या मानानं कमी, पण त्यावर कुठल्याही एका कुत्र्याचं नाव नव्हतं. उरलेलं भाडं हप्त्यांनी जानेवारीपर्यंत फिटलं. त्याच पोस्टमधून पालकत्व योजना निघाली : महिन्याला १,५०० देऊन एका कुत्र्याच्या खर्चाचा वाटा उचलायचा, आणि पावतीवर स्पष्ट छापलेलं, "त्या कुत्र्यासाठी आणि संस्थेच्या इतर कुत्र्यांसाठी".

निष्पत्ती

पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आठपैकी पाच कुत्री दत्तक गेली. दोन्ही नर लवकर गेले. एक मादी देवळालीच्या निवृत्त जोडप्याकडून परत आली, कारण आजोबांना तिचं वजन पेलवेना, आणि नंतर इंदिरानगरच्या घरात रुळली. दत्तक घेणाऱ्यांना महापालिकेचा श्वानपरवाना काढणं आता कराराच्या कागदातच लिहिलेलं आहे. एक मादी पावसाळ्यात दगावली होती. उरलेल्या दोघी कायमच्या फॉस्टरमध्ये आहेत, खर्च संस्थेचा. त्यातली एक गौरी. तिचा फोटो सगळ्या नाशिकनं पाहिला होता, पण तिला घरी न्यायला कुणीच आलं नाही.

समितीनं एक नियम लिहून काढला : नवं कुत्रं घ्यायचं असेल तर आधी फॉस्टर घर नक्की हवं, नाहीतर बोर्डिंगच्या तीन महिन्यांचे २७,००० खात्यात मोकळे हवेत. दोन्ही नसेल तर नाही म्हणायचं. फोनवर नाही म्हणणं हे या कामातलं सगळ्यात जीवघेणं काम आहे. लोक शिव्या देतात, "मग कशाला उघडलीय संस्था?" असं विचारतात. ताईंनी फोन घ्यायचं काम सोडलं. आता ते काम दोन तरुण कार्यकर्ते आळीपाळीनं करतात आणि नाही म्हणताना निदान लस, नसबंदी आणि स्वतःच जाहिरात कशी करायची एवढं सांगतात.

वेगळं काय करता आलं असतं

टप्प्याटप्प्यानं आणायचं ठरलं ते चांगलंच होतं, पण टप्पे ठरवले दवाखान्याच्या तारखांवरून. ते फॉस्टर घरांवरून ठरायला हवे होते. मे महिन्यात नर आणले तेव्हा एकही फॉस्टर रिकामं नव्हतं आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. मार्चमध्ये, गौरीचा फोटो फिरत होता आणि अडीचशे लोक पैसे पाठवत होते, तेव्हाच त्यांच्याकडे पैशाऐवजी दोन महिन्यांची जागा मागितली असती तर? फॉस्टरमधल्या कुत्र्याचा संस्थेला महिन्याला दोन हजारांच्या आत खर्च येतो. दहा जणांनी होकार दिला असता तरी पावसाळा निराळा गेला असता. हे सचिवांनीच नंतर मांडलं आणि यावर कुणाचं दुमत नव्हतं.

आवाहनाच्या शब्दांत "आणि तिच्यासोबतच्या कुत्र्यांसाठी" एवढी भर पुरली असती. मात्र देणगीदारांना विचारण्यातून जो विश्वास मिळाला तो मग मिळाला नसता, त्यामुळे ही चूक म्हणावी का, याबद्दल मी ठाम नाही. बोर्डिंगशी मात्र पहिल्या दिवसापासून लेखी करार हवा होता : दर काय, गोचिडांची फवारणी कुणी करायची, उधारी किती दिवस चालेल. सगळं तोंडी होतं, आणि बोर्डिंगवाला सरळ माणूस निघाला म्हणून निभावलं.

पिल्लांच्या पैशांचा प्रश्न समितीत आजही सुटलेला नाही. एक मधला मार्ग तेव्हा कुणाला सुचला नव्हता : ब्रीडरला पैसे न देता, पिल्लं विकायच्या आधी त्यांची नसबंदी आणि लसीकरण संस्थेच्या खर्चानं करून देऊ, असं म्हणायचं. तो ऐकला असता का सांगता येत नाही. विकाऊ मालाची नसबंदी त्याला नकोच असणार. पण विचारायला काही लागत नव्हतं.

आणि तक्रार. हस्तांतरण पत्रात ब्रीडरनं "यापुढे पैदास करणार नाही" असंही लिहून दिलं होतं. दिवाळीनंतर त्याच गावातून, त्याच फोन नंबरवरून शिह त्झू जातीच्या पिल्लांची जाहिरात दिसली. या वेळी कुणाचं कुत्रं अडकलेलं नव्हतं, मुद्देमालाची भीती नव्हती, आठही कुत्र्यांचे तपासणी अहवाल आणि सहीची पत्रं हातात होती. समितीनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे विनानोंदणी पैदाशीची लेखी तक्रार केली. ती मे महिन्यातच, शेवटचं कुत्रं शेडबाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी करता आली असती. तेव्हा सगळे थकले होते आणि विषय मागे पडला. तक्रारीची पोच मिळाली आहे, तपासणी अजून झालेली नाही.